दोन मानपाडे, एक चौकोन : पाऊस तेवढाच, मग पूरही आणि पाणीकपातही कशी?

जुलैतली संध्याकाळ. ऑफिस सुटायची वेळ. ग्रुपवर एक व्हिडिओ येतो. गुडघाभर पाणी, मधोमध बंद पडलेली रिक्षा, मागून कुणाचा तरी आरडाओरडा आणि खाली एकच ओळ : ‘मानपाड्यात पाणी भरलं.’

ठाणे-डोंबिवलीकराच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा नसतो. कुठल्या मानपाड्यात?

कारण मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यातला, घोडबंदर रोडवरचा, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, स्टेशनकडून निघालेला मानपाडा रोड जिथे कल्याण-शीळ रस्त्याला भेटतो तिथला. सरळ रेषेत अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण मध्ये खाडी आहे आणि दोन्हीकडची जमीन अगदी वेगळी. ठाण्याच्या मानपाड्यात पाणी डोंगरावरून नाल्यानं धावत येतं. डोंबिवलीच्या मानपाड्यात ते सपाट, सखल भागात साठतं आणि खाडीकडे जायला वाट शोधत बसतं. एकीकडे पाणी भरलं म्हणून दुसरीकडे भरेलच असं नाही.

हा गोंधळ फक्त व्हॉट्सॲपवर असता तर हसून सोडून दिलं असतं. पण देशातल्या पावसाच्या अभ्यासासाठी जी आकडेवारी सर्वात जास्त वापरली जाते, तिच्यातही हे दोन मानपाडे वेगळे दिसत नाहीत.

चौकोनात बसवलेला पाऊस

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयानं देशभरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा करून एक मोठा तक्ता केलाय. १९०१ पासूनचा, रोजचा पाऊस. त्यासाठी देशाचा नकाशा पाव अंशाच्या चौकोनांत कापलाय. पाव अंश म्हणजे आपल्या भागात साधारण २६-२७ किलोमीटरची एक बाजू. तक्ता तयार करताना एकूण ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. सगळीकडे सगळ्या वर्षी तेवढी केंद्रं नव्हती, त्यामुळे जिथे मापक नाही तिथला आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून गणितानं काढलेला असतो.

आता आपला चौकोन बघा. मध्यबिंदू १९.२५ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व. ठाण्याचा मानपाडा याच चौकोनात येतो आणि डोंबिवलीचाही. दोघांसाठी मिळून दिवसाला एक आकडा.

हवामान बदलामुळे जलचक्राचं काय होतंय हे सांगणारे बरेचसे अभ्यास अशा चौकोनांवर उभे आहेत. ते चुकीचे आहेत असं अजिबात नाही. त्यांनी जे शोधलं ते फार मोलाचं आहे. पण ते काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, यातला फरक कळला तर ‘ग्लोबल वॉर्मिंगमुळे आमच्या सोसायटीत पाणी शिरलं’ या वाक्याचं काय करायचं, हेही कळेल.

बादली मोठी झाली

शाळेतलं जलचक्राचं चित्र सगळ्यांना आठवतं. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी, परत समुद्र. हे चित्र बदललेलं नाही. बदललाय तो त्यातला वेग आणि वाटा.

हवा जितकी गरम, तितकी ती जास्त वाफ धरून ठेवू शकते. तापमान १ अंश सेल्सिअसनं वाढलं की ही क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, त्यात वादाला जागा नाही. हवेला एक बादली समजा. बादली मोठी झाली. मोठी बादली भरायला वेळ जास्त लागतो आणि उपडी झाली की एकदम जास्त पाणी पडतं. म्हणजे एकाच कारणातून दोन उलट गोष्टी निघतात : मधले कोरडे दिवस लांबतात आणि पडतो तेव्हा धो धो पडतो.

त्यात आपल्या दाराशी अरबी समुद्र. तोही तापतोय. पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारे वारे याच समुद्रावरून वाफ उचलून आणतात.

इथपर्यंत सिद्धांत झाला. प्रत्यक्ष पावसात असं घडतंय का, हे कळायला आकडेच लागतात.

सरासरी न बदलता पाऊस बदलला

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले, म्हणजे आयआयटीएममधले, बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. त्यांनी १९५१ ते २००० या ५० वर्षांचा मध्य भारतातला रोजचा पाऊस घेतला. तेव्हा चौकोन आणखी मोठा होता, १ अंशाचा, म्हणजे साधारण ११० किलोमीटरचा.

हंगामाची बेरीज बघितली तर काहीच दिसत नव्हतं. ५० वर्षांत एकूण पावसात ठळक वाढ नाही, घट नाही. मग त्यांनी बेरीज करायचं सोडून मोजदाद केली. हलके ते मध्यम पावसाचे दिवस किती, दिवसाला १०० मिमीच्या वर गेलेले किती, १५० मिमीच्या वर गेलेले किती. तेव्हा चित्र उघडं पडलं. मध्यम पावसाचे दिवस घटत होते, जोरदार पावसाचे वाढत होते. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकत होते म्हणून बेरीज जागच्या जागी राहिली होती.

पगार तेवढाच, पण महिन्याला येण्याऐवजी वर्षातून दोनदा येतो. बँक स्टेटमेंटवर वर्षाची बेरीज सारखीच दिसेल. घर चालवणाऱ्याला विचारा काय फरक पडतो ते.

२०१७ मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं हा हिशेब २०१५ पर्यंत आणला. मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचं त्यांनी दाखवलं. कारण म्हणून बोट ठेवलं ते अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांवर. हे वारे अधूनमधून वाफेचे लोंढे आत ढकलतात.

पण या दोन्ही अभ्यासांचा ‘मध्य भारत’ कुठून सुरू होतो माहितीये? गोस्वामींची चौकट ७४.५ अंश पूर्व रेखांशाच्या पुढे सुरू होते. आपण ७३ वर. म्हणजे ज्या अभ्यासाचा दाखला देऊन कोकणातल्या पुरावर पोस्ट पडतात, त्या अभ्यासात कोकण नव्हतंच. याला कारण आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात दहा-वीस किलोमीटरवर पाऊस इतका बदलतो की त्याची इतर भागाबरोबर सरासरी काढली तर निष्कर्षच बिघडेल.

दुसरी बाजूही आहे. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये देशभरच्या अतिवृष्टीचं वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धतीनं विश्लेषण केलं. त्यांना देशभर एकसारखी वाढ सापडली नाही. सापडली ती ठिकाणाठिकाणांतली वाढती तफावत. शेजारच्या दोन जागांचा पाऊस एकमेकांपासून आणखी वेगळा होत चाललाय.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोटं ठरवतात असं वरवर वाटतं. खरं तर प्रश्नच वेगळे होते. एकानं विचारलं, मोठ्या भागात मिळून जोरदार दिवस वाढले का? दुसऱ्यानं विचारलं, प्रत्येक जागी सारखेच वाढले का? डेटा सायन्समध्ये अर्धी लढाई प्रश्न नेमका विचारण्यात असते, मॉडेल नंतर येतं. आणि दोन मानपाड्यांत राहणाऱ्यांसाठी दुसरा निष्कर्ष जास्त कामाचा आहे. जागोजागची तफावत वाढत असेल, तर २६ किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी दिवसेंदिवस कमी उपयोगाची होत जाणार.

५०९ मिमी कुठेच पडला नाही

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस. त्याच दिवशी कुलाब्यात ७३.४ मिमी. दोन केंद्रांत अंतर साधारण एका चौकोनाच्या बाजूएवढं.

या दोघांची सरासरी काढा. सुमारे ५०९ मिमी येते. त्या दिवशी या दोन्ही ठिकाणी ५०९ मिमी पडला नव्हता. एकीकडे संपूर्ण पावसाळ्याच्या सुमारे ४० टक्के पाऊस एका दिवसात झाला होता आणि दुसरीकडे मुंबईकराला रोजचा वाटावा असा. सरासरीचा आकडा दोघांपैकी कुणाचीही गोष्ट सांगत नाही.

वेळेचंही तसंच. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. समजा पहाटे पाच ते दुपारी बारा या वेळात १५० मिमी पडला. अर्धा साडेआठच्या आत, अर्धा नंतर. तर नोंदीत दोन दिवस दिसतील, दोन्ही ७५ मिमीचे. विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिमीपासून पुढे ‘मुसळधार’ आणि ११५.६ पासून पुढे ‘अतिमुसळधार’. म्हणजे ज्यानं तुमच्या इमारतीचं पार्किंग बुडवलं तो पाऊस कागदावर दोन साध्या मुसळधार दिवसांत विरघळून जाईल.

आणि गटाराला दिवस माहीत नसतो. त्याला तास माहीत असतो.

मुंबईची जुनी पावसाळी गटारव्यवस्था तासाला २५ मिमी पाऊस वाहून नेईल अशा बेतानं बांधलेली होती, तीही ओहोटी असताना. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर हे माप तासाला ५० मिमी करायचं ठरलं. आता साधं गणित करू. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरवर १०० मिमी म्हणजे १० कोटी लिटर. हा पाऊस चार तासांत सारखा पडला तर तासाला २५ मिमीचं गटार तो गिळून टाकेल, रस्ता फक्त ओला दिसेल. तोच पाऊस एका तासात पडला, तर त्या तासाच्या शेवटी ७५ मिमी, म्हणजे साडेसात कोटी लिटर पाणी जमिनीवर असेल. दिवसाच्या नोंदीत दोन्ही वेळा १०० मिमीच लिहिलेलं असेल.

वर भरती असेल तर काही बोलायलाच नको. दोन्ही मानपाड्यांचं पाणी शेवटी खाडीतच जायचं असतं.

ज्या दिवशी कपात, त्याच दिवशी पूर

आता नळाकडे वळू, कारण जलचक्राची ही दुसरी बाजू पावसाच्या व्हिडिओत दिसत नाही.

२०२० चा जून-जुलै धरणक्षेत्रात कोरडा गेला. मुंबई महापालिकेनं ५ ऑगस्टपासून २० टक्के पाणीकपात लागू केली. महापालिकेचं पाणी घेणाऱ्या ठाणे आणि भिवंडीच्या भागालाही ती लागू होती. आणि ५ ऑगस्टलाच मुंबईला वादळी पावसानं झोडपलं. कुलाब्यात २४ तासांत ३३१.८ मिमी. मंत्रालयाच्या परिसरात पाणी आणि नळाला कपात, एकाच दिवशी. पुढच्या काही आठवड्यांत कपात आधी निम्मी झाली आणि मग उठली.

सोशल मीडियावर तेव्हा विनोद भरपूर झाले. पण कुलाब्यात पडलेला पाऊस नळाला येत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत विहार आणि तुळशी सोडले तर बाकी सगळे शहराबाहेर, आणि एकट्या भातसा धरणात एकूण साठ्याचा जवळपास निम्मा वाटा. भातसा शहापूर तालुक्यात. ठाण्याचं पाणी स्टेम, पालिकेची स्वतःची योजना, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येतं. डोंबिवलीच्या बाजूला उल्हास नदी आणि बदलापूरजवळचं एमआयडीसीचं बारवी धरण. म्हणजे रस्ता बुडवणारा पाऊस एका जागेचा आणि नळ चालवणारा पाऊस दुसऱ्या जागेचा. दोघांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

त्यात तारखांचा खेळ. २०२३ मध्ये मान्सून मुंबईत २५ जूनला पोचला, त्याच दिवशी दिल्लीतही. नंतरचा ऑगस्ट देशासाठी १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. मग २०२५ मध्ये मान्सून मुंबईत आला २६ मे रोजी, नोंदीतला सर्वात लवकर. कुलाब्यानं मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. दोन वर्षांच्या फरकानं आगमनात एक महिन्याचं अंतर. या दोन वर्षांवरून हवामान बदल सिद्ध होत नाही, मान्सून नेहमीच थोडा लहरी होता. पण धरणातलं पाणी ‘जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल’ या गृहीतकावर वाटून खाल्लं जातं, हे लक्षात घ्या. पंधरा दिवस इकडेतिकडे झाले की पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याचा नळ आधी सुकतो.

हे टोक कुठे आहे? मानपाड्याच्या आसपासच्या २७ गावांचा पट्टा त्यातलाच. मे २०२२ मध्ये डोंबिवलीजवळच्या संदप गावात खदानीवर कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. भागातल्या पाणीटंचाईची चर्चा तेव्हा दोन-चार दिवस झाली. त्यांच्या मृत्यूला हवामान बदल जबाबदार आहे असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल, कारण तिथे प्रश्न वितरणाचा होता. पण पाऊस लांबला की पहिला फटका कुणाला बसतो, हे कळायला उपग्रहाची गरज नाही.

मग दोष कुणाचा : हवेचा की सिमेंटचा?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि दर पावसाळ्यात दोन गट पडतात. एक म्हणतो सगळं ग्लोबल वॉर्मिंग. दुसरा म्हणतो नाले बुजवले, बाकी सगळी कारणं.

विज्ञानाकडे यासाठी एक पद्धत आहे. एखाद्या घटनेनंतर संगणकावर दोन जगं उभी करायची. एक आजचं, एक माणसानं तापमान वाढवलंच नसतं तर असतं तसं. दोन्ही जगांत तशी घटना किती वेळा आणि किती जोरात येते हे बघायचं. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, तेव्हा वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटानं हेच केलं. उत्तर आलं : हवामान बदलामुळे त्या दिवशीचा पाऊस सुमारे १० टक्क्यांनी जास्त जोरदार झाला. छोट्या डोंगराळ भागासाठी हा आकडा पुरेसा पक्का नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

१० टक्के ऐकून काहींना वाटेल एवढंच? पण गटार काठोकाठ भरलेलं असेल तर सगळं नुकसान त्या वरच्या १० टक्क्यांत असतं. आणि काठोकाठ का भरलं, तर पाणी मुरायची जमीन गेली म्हणून. दोन्ही कारणं एकमेकांना गुणतात, बेरीज करत नाहीत. माझं मत विचाराल, तर नाल्यावर स्लॅब टाकणाऱ्याला हवामान बदलाच्या मागे लपू देऊ नये. आणि ‘नाले साफ केले की झालं’ म्हणणाऱ्याला तासाच्या पावसाचे आकडे दाखवावेत.

होमलोन आणि लाल रेषा

नदीकाठी नकाशावर दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाला कुठे परवानगी मिळणार हे यावर ठरतं, म्हणून उल्हासच्या काठावर पूररेषा हा बिल्डरपासून फ्लॅटधारकापर्यंत सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘आत्ता २००५ ला आला, आता २१०५ ला’ असा नाही. अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. तुमचं होमलोन २० वर्षांचं असेल, तर त्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. आणि हवामान बदलल्यामुळे तोच पूर ५० वर्षांतून एकदा येऊ लागला, तर ३३ टक्के. बँकेचा व्याजदर पाव टक्का वाढला की आपण कॅल्क्युलेटर काढतो, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

यातली ग्यानबाची मेख अशी की रेषा आखताना जुन्या नोंदी घेतल्या जातात. पुढची वर्षं मागच्यासारखीच असतील हे त्यामागचं गृहीतक. २००८ मध्ये ख्रिस मिली आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये थेट लिहिलं की हे गृहीतक आता मेलं आहे, जलनियोजन नव्यानं करायला हवं. डेटा सायन्सचं काम इथे खरं सुरू होतं : जुन्या नोंदींत बदलाचा कल किती आणि योगायोग किती हे वेगळं करायचं, आणि रेषा दर काही वर्षांनी पुन्हा आखायची.

एआय आलं, पण खायला काय देणार?

साधनं झपाट्यानं सुधारतायत हे खरं. २६ मे २०२५ ला, मान्सून मुंबईत विक्रमी लवकर आला त्याच दिवशी, आयआयटीएमनं बनवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाच्या सेवेत आली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा, आधीच्या मॉडेलचा १२ चा होता. म्हणजे आपल्या २६ किलोमीटरच्या चौकोनात आता अठरा-वीस लहान चौकोन मावतात. दोन मानपाडे अखेर वेगळे झाले, निदान अंदाजात तरी.

मुंबईसाठी २०२० पासून ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा आहे. २००५ नंतर महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं उभं केलं. आयआयटी मुंबईनं २०२४ मध्ये पाऊस आणि तुंबणाऱ्या पाण्याचा प्रायोगिक अंदाज देणारं संकेतस्थळ आणि ॲप लोकांसमोर आणलं. उपग्रहही आहेत. एक दर अर्ध्या तासाला १० किलोमीटरच्या चौकोनांत पावसाचा अदमास देतो, पण डोंगरावर अडून पडणारा पाऊस त्याला कमी दिसतो, आणि आपला पाऊस तर डोंगरावरच अडतो. भूजल मोजणारे ग्रेस उपग्रह शेकडो किलोमीटरच्या भूभागाचं एकत्र वजन सांगतात. त्यांना ठाणे जिल्हा वेगळा दिसणं शक्य नाही.

आणि मशीन लर्निंगची एक मूळ अडचण आहे. ते उदाहरणं बघून शिकतं. रोजच्या रिमझिमीची हजारो उदाहरणं मिळतात, २६ जुलैचं एकच. ज्या दिवशी अंदाजाची सर्वात जास्त गरज, त्याच दिवसाचा अनुभव मॉडेलकडे सर्वात कमी.

तो अनुभव वाढवायचा तर जमिनीवरची मापकं वाढवावी लागतात. २७ जुलै २०१९ आठवा. उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते पाणी त्या रुळांवर पडलेलं नव्हतं. उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जतवरून खाली येते. वर पडलेल्या पावसाला खाली पोचायला काही तास लागतात, आणि तेच काही तास इशाऱ्यासाठी हातात असतात. त्यासाठी वरच्या बाजूचा दर पंधरा मिनिटांचा पाऊस, नदीची पातळी, धरणाचा विसर्ग आणि खाडीची भरती हे चार आकडे एका जागी, एकाच घड्याळावर यायला हवेत. गणित त्यामानानं सोपं आहे. पण आकडे चार वेगळ्या यंत्रणांकडे आहेत आणि आपल्यापर्यंत येतात तेव्हा बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरच्या तक्त्याच्या फोटोच्या रूपात. फोटोवर मॉडेल चालत नाही.

काही जुळणी आधीच आहे. राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं बसवली आहेत. ती मुख्यतः शेतीसाठी. मंडळात २४ तासांत ६५ मिमी पडला की अतिवृष्टी धरायची आणि पंचनामे सुरू करायचे, हा नियम शेतकऱ्याला पाठ असतो, कारण त्याची भरपाई त्या आकड्यावर ठरते. शहरातल्या माणसाची भरपाई अजून कुठल्याच मिलीमीटरवर ठरत नाही, म्हणून कदाचित इथे कुणी मोजमापासाठी भांडत नाही. अपवाद आहेत. बदलापूर-डोंबिवलीच्या पट्ट्यात गच्चीवर पर्जन्यमापक बसवून रोजच्या नोंदी टाकणारे हौशी लोक आहेत, आणि पावसाळ्यात अनेकांचा विश्वास सरकारी इशाऱ्याइतकाच त्यांच्यावर असतो.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर हवामान विभागाचा चौकोनांचा तक्ता पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. पायथॉन थोडंफार येत असेल तर एका संध्याकाळचं काम. आपला चौकोन घ्या, १९.२५ उत्तर, ७३ पूर्व. जून ते सप्टेंबर, प्रत्येक वर्षासाठी तीन गोष्टी काढा : हंगामाची बेरीज, ६४.५ मिमीच्या वर गेलेले दिवस, आणि अडीच मिमीपेक्षा कमी पावसाचा सलग सर्वात लांब खंड. पहिल्या रकान्यावरून निष्कर्ष काढायची घाई करू नका, दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून बघा. आणि पुढच्या पावसाळ्यात ग्रुपवर ‘मानपाड्यात पाणी भरलं’ आलं की त्या दिवशीचा चौकोनाचा आकडा आणि गच्चीवरच्या मापकाचा आकडा दोन्ही लिहून ठेवा, तासासकट. कुठला मानपाडा तेही लिहा.